कळलं की कळवायचं
शाळांतल्या सर्व कर्मचाऱ्यांचा जाहीरनामा

आम्ही महाराष्ट्रातल्या शाळांत काम करणारी माणसं आहोत. आमच्यात जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेतले गुरुजी आहेत, शहरातल्या खासगी शाळेतल्या बाई आहेत, आश्रमशाळेच्या अधीक्षिका आहेत, शिपाईमामा आहेत, बालवर्गाच्या मावशी आहेत, लिपिक आहेत, पोषण आहार शिजवणाऱ्या ताई आहेत, मुलांची ने-आण करणारे व्हॅनवाले काका आहेत. आमचे पगार वेगळे, मस्टरवरच्या जागा वेगळ्या, शिक्षक खोलीतल्या खुर्च्याही वेगळ्या. पण आई-बापांनंतर मूल दिवसातला सर्वांत जास्त वेळ आमच्यासमोर असतं. त्यामुळे त्याच्यावर घरी, वाटेत, शिकवणीत किंवा आमच्याच इमारतीत अत्याचार होत असेल, तर त्याची खूण बहुतेक वेळा आधी आमच्या नजरेला पडते. आणि ती पडूनही आपण गप्प बसतो. ही चळवळ त्या गप्प बसण्याविरुद्ध उभी राहत आहे.

आमचं म्हणणं थोडक्यात असं. मुलावर अत्याचार झाल्याचं कळलं, किंवा होईल अशी भीती वाटली, तर ते कळवणं हे शाळेतल्या प्रत्येक माणसाचं स्वतःचं काम आहे. ते मुख्याध्यापकांवर, संस्थेवर किंवा एखाद्या समितीवर ढकलता येत नाही. आणि कळवण्याआधी शाळेने आपल्या पातळीवर तपास करायचा नाही.

यात नवीन काय, असं कुणी विचारेल. कायद्याच्या दृष्टीने काहीच नाही. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा अधिनियम, ज्याला आपण सगळे पॉक्सो म्हणतो, १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. त्याच्या १९व्या कलमात ‘कोणतीही व्यक्ती’ असे शब्द आहेत. त्यात पद नाही, हुद्दा नाही, कायम की कंत्राटी असा भेद नाही. वर्ग झाडणाऱ्या मावशींना काही दिसलं, तर पोलिसांना सांगण्याचं बंधन जितकं संस्थेच्या अध्यक्षांवर आहे तितकंच त्यांच्यावरही आहे. खात्री असायला हवी असंही कायदा म्हणत नाही. गुन्हा घडण्याची शक्यता वाटली तरी कळवायचं आहे. माहिती द्यायची ती विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलीस ठाण्याला. मुख्याध्यापकांना सांगितलं म्हणजे आपलं काम संपलं, ही समजूत आपल्या शिक्षक खोल्यांत इतकी रुजली आहे की तिच्याविरुद्ध आधी बोलावं लागतं. मुख्याध्यापकांना जरूर सांगा. पण त्यांनी पुढे कळवलं नाही तर तुमची जबाबदारी तशीच राहते.

२१व्या कलमात शिक्षा सांगितली आहे. न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही. संस्थेचा प्रमुख असून आपल्या हाताखालच्या माणसाने केलेला गुन्हा दडवला, तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असलेली गोष्ट अशी की, दिलेली माहिती नोंदवून न घेणारा पोलीसही याच कलमाखाली शिक्षेला पात्र आहे. तेव्हा ठाण्यातून ‘उद्या या’ असं उत्तर मिळालं तर परत फिरू नका. माहिती लिहून घेणं, तिला नोंद क्रमांक देणं आणि ती सांगणाऱ्याला वाचून दाखवणं हे त्यांच्यावर बंधनकारक आहे. तो क्रमांक मागून घ्या.

कायदा येऊन दहाहून अधिक वर्षं झाली. तरी शाळांत काय घडतं ते आपण सगळे जाणतो. एखादी मुलगी बाईंना काहीतरी सांगते. बाई हादरतात आणि मुख्याध्यापकांकडे जातात. मुख्याध्यापक संस्थाचालकांना फोन करतात. तिकडून निरोप येतो : ‘आधी आपण चौकशी करू.’ तीन जणांची समिती बसते. मुलीला पुन्हा विचारलं जातं, मग तिसऱ्यांदा, मग चौथ्यांदा. कधी ज्याचं नाव तिने घेतलं त्यालाच समोर उभं करून. तिच्या आईला बोलावतात आणि पोरीच्या पुढच्या आयुष्याचा विचार करा, उद्या तिचं लग्न व्हायचंय, असं समजावतात. त्या माणसाकडून राजीनामा घेतला जातो किंवा त्याची बदली होते. तो दुसऱ्या गावी, दुसऱ्या शाळेत रुजू होतो आणि तिथल्या मुलांविषयी कुणालाच काही वाटत नाही. सगळ्यांना सुटल्यासारखं होतं. याला आपल्याकडे ‘प्रकरण मिटवलं’ म्हणतात.

आम्ही याला गुन्हा म्हणतो, आणि हे आमचं एकट्यांचं मत नाही. २०१३ साली शंकर किसनराव खाडे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने शाळा आणि इतर शैक्षणिक संस्थांच्या प्रमुखांना स्पष्ट निर्देश दिले होते : असा प्रकार कळला तर गुप्तता राखून तो पोलिसांना कळवा. तो खटला बौद्धिक अपंगत्व असलेल्या ११ वर्षांच्या मुलीवरच्या अत्याचाराचा आणि खुनाचा होता. तिला घेऊन जाणारा माणूस ज्यांच्या नजरेला पडला त्यांनी वेळीच काही केलं असतं तर ती वाचू शकली असती, याची न्यायाधीशांनी निकालात खंत नोंदवली. पुढे चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्यात, आदिवासी मुली राहत असलेल्या एका शाळेच्या वसतिगृहात अत्याचार झाल्याचं २०१९ मध्ये उघड झालं. त्या मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरवर न कळवल्याचा आरोप होता. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याच्यावरचा गुन्हा रद्द केला. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २ नोव्हेंबर २०२२ रोजी तो आदेश फिरवला गेला. माहिती असूनही न कळवणं हा गंभीर गुन्हा आहे आणि बहुतेक वेळा तो अत्याचार करणाऱ्याला वाचवण्याचा प्रयत्न असतो, असं न्यायालयाने तिथे म्हटलं. लहान मुलांच्या बाबतीत पहिले काही तास हातातून गेले की पुरावा जातो, वैद्यकीय तपासणीचा उपयोग कमी होतो, मुलाचे शब्द मोठ्यांच्या दडपणाखाली बदलतात. ‘आधी आपण चौकशी करू’ म्हणणारा संस्थाचालक नेमके हेच तास खर्ची घालतो, मग त्याचा हेतू काहीही असो.

बदलापूर कुणी विसरलेलं नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये तिथल्या शाळेत जेमतेम चार वर्षांच्या दोन मुलींवर सफाई कर्मचाऱ्याने अत्याचार केल्याचं उघड झालं. पालकांना तक्रार नोंदवून घेण्यासाठी पोलीस ठाण्यात तासन् तास थांबावं लागलं. २० ऑगस्टला लोक रेल्वेच्या रुळांवर उतरले. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, आणि न्यायमूर्ती रेवती मोहिते डेरे व न्यायमूर्ती पृथ्वीराज चव्हाण यांच्या खंडपीठाने शाळेने का कळवलं नाही, असा प्रश्न विचारला. मग न कळवल्याबद्दल शाळेच्या व्यवस्थापनावरही गुन्हा नोंदवला गेला. पुढे चर्चा आरोपीच्या पोलीस चकमकीतल्या मृत्यूकडे वळली आणि तिथेच अडकली. आमच्यासाठी त्या घटनेतला मुख्य प्रश्न अजून तिथेच उभा आहे. एका शाळेत किती माणसं काम करतात? त्यांतल्या एकानेही त्या मुलींसाठी फोन उचलला नाही, तर त्या इमारतीला शाळा का म्हणायचं?

त्यानंतर शासन निर्णय निघाले. त्याआधीही होतेच : २०१७ मध्ये तक्रारपेटी आली, २०२२ मध्ये सखी सावित्री समिती आली. बदलापूरनंतर, २०२४ मध्ये, सीसीटीव्हीची सक्ती झाली आणि अनुचित प्रकार २४ तासांत शिक्षणाधिकाऱ्यांना कळवण्याचा आदेश आला. यांतलं काहीही वाईट नाही. पण तक्रारपेटी कार्यालयाच्या दाराशी टांगलेली असते आणि तिच्यात चिठ्ठी टाकणारं मूल सगळ्यांना दिसतं. समितीचा फलक भिंतीवर असतो. समितीतल्या सदस्यांना आपण सदस्य आहोत हे माहीत असेलच असं नाही. आणि चार वर्षांचं मूल चिठ्ठी लिहीत नाही. ते फक्त शौचालयात जायला घाबरतं. ते ओळखायला माणूसच लागतो.

म्हणून खुणांविषयी बोलू. आम्हाला वाटतं की शाळेतलं सगळ्यांत महत्त्वाचं ज्ञान कुठल्याही नोंदवहीत नसतं. सोमवारी खिचडी तिसऱ्यांदा मागणारं मूल कोणतं, हे पोषण आहाराच्या ताईंना पाठ असतं. शनिवार-रविवार त्याच्या घरी चूल पेटलेली नसते, हेही त्या ओळखून असतात. सुट्टीची घंटा झाली तरी दप्तर न भरता रेंगाळणारी, घरी जाणं टाळणारी मुलगी शिपाईमामांना ठाऊक असते. एका ठरावीक सीटवर बसायचंच नाही म्हणून हट्ट करणारा मुलगा व्हॅनमधल्या बाईंना माहीत असतो. बालवर्गाच्या मावशींना कपडे बदलताना जे दिसतं ते कुठल्याही शिक्षकाला दिसत नाही. हातावरच्या एकसारख्या गोल जखमा, उन्हाळ्यात घातलेला पूर्ण बाह्यांचा सदरा, पाचवीतल्या मुलाचं पुन्हा अंथरूण ओलं होऊ लागणं, वयाला न शोभणारे लैंगिक शब्द किंवा खेळ, चांगल्या चाललेल्या मुलीचे एकदम खाली आलेले गुण, कुणी मागून खांद्यावर हात ठेवला की दचकणं. यांतल्या एकेका गोष्टीचा अर्थ दुसराच असू शकतो. दोन-तीन एकत्र आल्या आणि मनात शंका उभी राहिली, तर त्या शंकेला ‘माझ्या मनाचे खेळ’ म्हणून झटकू नका. आणि हे ज्ञान ज्यांच्याकडे आहे त्या मावशींना, मामांना, ताईंना शिक्षकांच्या बैठकीत बसायला जागा द्या. आज बहुतेक शाळांत ती नसते.

मुलग्यांविषयी वेगळं सांगावं लागतं. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलणं झालं होतं. त्यांतल्या ५३.२२ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक अत्याचार सोसल्याचं सांगितलं, आणि अशा मुलांत निम्म्याहून थोडे अधिक मुलगे होते. अत्याचार करणाऱ्यांपैकी निम्मे मुलांच्या ओळखीचे, भरवशाचे होते. पॉक्सो कायदा मुलगा-मुलगी भेद करत नाही. भेद आपण करतो : ‘मुलगा आहे, त्याला काय होतंय!’ हे वाक्य आपल्या शाळांतून हद्दपार झालं पाहिजे.

आता मूल प्रत्यक्ष बोलू लागलं तर काय करायचं, याविषयी आमचं ठरलं आहे. ऐकायचं. मध्ये तोडायचं नाही. ‘बरं केलंस सांगितलंस, यात तुझी काही चूक नाही’ एवढं म्हणायचं. कुणाला सांगणार नाही असं वचन द्यायचं नाही, कारण ते पाळता येणार नाही आणि मोडलेलं वचन त्या मुलाला कायमचं गप्प करील. ‘मग त्याने कुठे हात लावला, कितीदा, तू ओरडली का नाहीस’ असले प्रश्न विचारायचे नाहीत. ते काम पोलिसांचं आणि न्यायाधीशांचं आहे, आणि त्यांच्यासाठीही कायद्याने रीत घालून दिली आहे. मुलाचा जबाब शक्यतो घरी किंवा त्याला बरं वाटेल अशा जागी घ्यायचा, जमेल तिथे महिला उपनिरीक्षकाने, गणवेश न घालता, आई-वडील किंवा मुलाचा ज्याच्यावर विश्वास आहे अशा माणसासमोर. मुलाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. मुलीची वैद्यकीय तपासणी महिला डॉक्टरनेच करायची. हे सगळं पालकांना आपण सांगू शकलो, तर त्यांची निम्मी भीती तिथेच जाते, आणि हे त्यांना समजावून सांगू शकणारं गावातलं पहिलं माणूस बहुधा शाळेतलंच असतं.

मूल जे बोललं ते त्याच दिवशी, त्याच्याच शब्दांत लिहून ठेवायचं. त्याने ज्या शब्दात सांगितलं तोच शब्द लिहायचा, आपण सुधारायचा नाही. तारीख, वेळ, सही. मुलाकडून काही लिहून घ्यायचं नाही, फोटो काढायचे नाहीत, कपडे धुऊ द्यायचे नाहीत. मग पोलीस ठाणे, किंवा ११२. १०९८ ही मुलांसाठीची मदतवाहिनी १९९६ मध्ये मुंबईत सुरू झाली आणि आज ती शासन चालवतं. तिथेही फोन करा, पण माहिती पोलिसांपर्यंत पोहोचली याची खात्री स्वतः करून घ्या. संशय घरातल्याच माणसावर असेल तर आधी घरी फोन करायचा नाही. मुलाचं नाव शिक्षक खोलीत, पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर, पत्रकारासमोर घ्यायचं नाही. शाळेच्या नावावरूनही मूल ओळखू येऊ शकतं, म्हणून माध्यमांनी तेही छापू नये असं २३वं कलम सांगतं. संस्थाचालकांनी मात्र ही ओळ पुढे करून तक्रारच दडपू नये. मुलाची ओळख गुप्त ठेवायची आहे. गुन्हा गुप्त ठेवायचा नाही.

पोलिसांकडे गेलेली माहिती २४ तासांत बाल कल्याण समितीकडे आणि विशेष न्यायालयाकडे पोहोचायला हवी. समिती मुलासाठी सहायक व्यक्ती नेमू शकते. पीडितांना आर्थिक मदत देणारी राज्याची मनोधैर्य योजना २०१३ पासून आहे. पालकांना यातलं काहीही कुणी सांगत नाही. आम्ही सांगणार आहोत.

आरोपी आपलाच सहकारी असेल तेव्हा खरी परीक्षा होते. एकाच मस्टरवर सह्या केलेल्या असतात, मुलांच्या बारशाला, लग्नाला गेलेलो असतो, पतपेढीत एकमेकांना जामीन राहिलेलो असतो. ‘तो असा नाही हो’ हे वाक्य ओठांवर आपोआप येतं. कायद्याने शाळेतल्या माणसाने केलेला अत्याचार अधिक गंभीर ठरवला आहे, कारण मूल आपल्यावर विश्वास टाकून आलेलं असतं. संघटनांना आम्ही इथेच सांगतो : कर्मचाऱ्याला वकील मिळवून देणं हा तुमचा अधिकार आहे, मुलाच्या घरच्यांवर दबाव आणायला शिष्टमंडळ नेणं हा नाही. आणि ज्याच्यावर खोटा आरोप झाला असं वाटतं त्याच्यासाठीही शाळेतली गुपचूप मिटवामिटवी घातकच आहे. तो आयुष्यभर कुजबुजीखाली राहतो. निर्दोष ठरायचं तर तेही न्यायालयातच.

इथवर लैंगिक अत्याचाराविषयी बोललो, कारण कायद्याचं स्पष्ट बंधन तेवढ्यापुरतंच आहे. दारुड्या बापाने पट्ट्याने फोडून काढलेल्या मुलाबाबत, चार-चार दिवस उपाशी ठेवलेल्या सावत्र मुलीबाबत, पायातली जखम सडेपर्यंत दवाखाना न दाखवलेल्या पोराबाबत शिक्षकाने कळवलंच पाहिजे असं आपला कायदा आज सांगत नाही. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या ७५व्या कलमात ज्याच्या ताब्यात मूल आहे त्याने केलेल्या क्रूरतेला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पण ती क्रूरता ज्याला दिसते त्याच्यावर बोलण्याची सक्ती नाही. अमेरिकेने १९७४ मध्ये केलेल्या कायद्यात मारहाण आणि हेळसांड या दोन्ही गोष्टी कळवण्याच्या बंधनात आणल्या. तिथला अनुभव आम्हाला एक सावधगिरीही शिकवतो : नुसती सक्ती केली की चौकशीचा ससेमिरा गरीब आणि कृष्णवर्णीय कुटुंबांच्या मागे अधिक लागतो.

म्हणून आम्ही भेद करतो. गरिबी म्हणजे हेळसांड नव्हे. फाटकं दप्तर, विस्कटलेले केस, दिवाळीनंतर ऊसतोडीला आई-बापांबरोबर गेलेलं मूल, धाकट्या भावाला कडेवर घेऊन वर्गात बसलेली मुलगी, यांच्या घरी पोलीस पाठवणं हा अन्याय आहे. तिथे बाल कल्याण समिती, जिल्हा बाल संरक्षण कक्ष, बालसंगोपन योजना, हंगामी वसतिगृह यांच्याकडे आपण जायचं, कुटुंबाला आधार मिळावा म्हणून. ज्या घरात देता येत असून दिलं जात नाही, किंवा मूल मुद्दाम छळलं जातं, ते घर वेगळं. हा फरक कार्यालयात बसून कळत नाही. घरी गेलेल्या गुरुजींना तो कळतो.

आणि मारहाणीविषयी बोलायचं तर आधी स्वतःच्या हाताकडे बघावं लागेल. त्याच २००७ च्या अभ्यासात शाळेत जाणाऱ्या दर तीन मुलांपैकी दोघांनी शाळेत मार खाल्ल्याचं सांगितलं होतं. शिक्षण हक्क कायद्याच्या १७व्या कलमाने २०१० पासून शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींवर बंदी आहे. छडी टेबलावर असलेल्या वर्गात मूल बापाच्या मारहाणीबद्दल कसं बोलेल? या चळवळीत येणाऱ्या प्रत्येकाने आधी छडी बाहेर ठेवायची. यावर तडजोड नाही.

नववी-दहावीच्या वर्गातलं रिकामं बाकही आम्ही खूणच मानतो. सुट्टीवरून परत न आलेल्या मुलीच्या नावापुढे महिनाभर ‘गैर’ मांडून शेवटी नाव कमी करणं फार सोपं असतं. तिचं लग्न ठरलंय हे वर्गातल्या मैत्रिणींना आधी कळतं. गावात ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो. लग्नाआधी त्याला, पोलिसांना किंवा १०९८ ला कळलं तर लग्न थांबवता येतं. आणि ‘लग्न झालंय’ म्हणून अत्याचार अत्याचार राहत नाही असंही नाही : १८ वर्षांखालच्या पत्नीशी शरीरसंबंध हा बलात्कारच, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑक्टोबर २०१७ रोजी दिला.

एका बाबतीत आमच्यात मतभेद आहेत आणि ते लपवायचं कारण नाही. सोळा-सतरा वर्षांची दोन मुलं एकमेकांवर प्रेम करतात, जवळ येतात. कायद्याच्या नजरेत तोही गुन्हा आहे आणि कळला तर कळवण्याचं बंधन आहे. यातून मुलगा तुरुंगात जातो, मुलीची शाळा सुटते आणि घाईघाईने तिचं लग्न लावलं जातं, हे आमच्यातल्या अनेकांनी पाहिलं आहे. काही जण म्हणतात, कायदा आहे तो पाळावा. काही जण म्हणतात, समवयस्कांसाठी त्यात सवलत हवी आणि ती संसदेनेच द्यावी. या अडचणीचा आधार घेऊन चाळीस वर्षांच्या माणसाने सातवीतल्या मुलीला दिलेली ‘भेट’ मात्र कुणी प्रेमात मोजू नये. त्याबद्दल आमच्यात दुमत नाही.

आता भीतीविषयी, कारण सगळं तिथेच अडतं. खोटं निघालं तर? कायदा सांगतो की प्रामाणिकपणे दिलेल्या माहितीबद्दल दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होऊ शकत नाही. शिक्षा आहे ती मुद्दाम, त्रास देण्यासाठी केलेल्या खोट्या तक्रारीला. पण न्यायालयापासून वाचवणारं हे संरक्षण नोकरी वाचवत नाही. विनाअनुदानित शाळेतल्या बाई, मानधनावरचा शिक्षण सेवक, ठेकेदाराकडून आलेल्या मावशी यांना दुसऱ्या दिवशी ‘उद्यापासून येऊ नका’ म्हणायला कुणालाही कारण द्यावं लागत नाही. सर्वांत जास्त पाहणाऱ्या माणसाच्या पायाखाली सर्वांत कमी जमीन आहे. इथे उपदेश करून काही होणार नाही.

म्हणून आम्ही राज्य शासनाकडे मागतो की, मुलासंबंधी माहिती देणाऱ्या कोणत्याही कर्मचाऱ्याला, तो कायम असो वा ठेक्यावरचा, माहिती दिल्यापासून दोन वर्षं शिक्षणाधिकाऱ्यांच्या लेखी परवानगीशिवाय कामावरून काढता, बदलता किंवा मानधन थांबवता येणार नाही, अशी तरतूद १९७७ च्या खासगी शाळा कर्मचारी अधिनियमात आणि ठेक्याच्या करारांत करावी. न्यायालयात साक्षीला जाण्याचे दिवस कर्तव्यावर धरावेत. डी.एल.एड., बी.एड. आणि शिपाई-मदतनिसांच्या भरतीनंतरच्या प्रशिक्षणात हा विषय प्रत्यक्ष सरावासह यावा. पडद्यावर सरकणाऱ्या चार स्लाइडनी काही साधत नाही. २०२० च्या पॉक्सो नियमांनी शाळेतल्या प्रत्येक कर्मचाऱ्याची ठरावीक काळाने पोलीस पडताळणी करायला सांगितलं आहे, ती कागदावर राहू नये, आणि राजीनामा घेऊन सोडलेल्या माणसाची नोंद पुढच्या शाळेला मिळावी. बाल कल्याण समित्यांची पदं रिकामी राहू नयेत. गंभीर मारहाण आणि हेळसांड कळवण्याचं बंधन कायद्यात यावं, मात्र त्याची पहिली पायरी समिती असावी, पोलीस नव्हे.

या मागण्या पुऱ्या होईपर्यंत आम्ही थांबणार नाही. तोवर आमच्यापैकी कुणी कळवलं तर पोलीस ठाण्यात त्याच्यासोबत दुसरा जण जाईल. तो साक्षीला गेला तर त्याच्या तासिका आम्ही घेऊ. त्याला कामावरून काढलं तर त्याच्या घरचा किराणा आम्ही भरू आणि त्याची बाजू शिक्षणाधिकाऱ्यांपुढे मांडू. दर वर्षी जूनमध्ये, शाळा उघडल्यावर पहिल्या आठवड्यात, प्रत्येक वर्गातल्या मुलांना आम्ही सांगू की त्रास झाला तर शाळेत कुणाला सांगायचं, आणि ज्याला सांगायचं तो माणूस त्यांनी निवडायचा. तो मुख्याध्यापक असलाच पाहिजे असं नाही.

ज्यांना हे पटतं त्यांनी आपल्या शाळेतल्या बैठकीत हा मजकूर मोठ्याने वाचावा. बैठकीला मामा, मावशी, पोषण आहाराच्या ताई आणि व्हॅनचे काका यांना बोलवावं. शाळा व्यवस्थापन समितीतल्या पालकांनाही बोलवावं. सगळ्यांनी खाली सही करावी, ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी अंगठा द्यावा. आपल्या पोलीस ठाण्याचा, बाल कल्याण समितीचा आणि जिल्हा बाल संरक्षण कक्षाचा क्रमांक त्याच दिवशी शोधून प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये घालावा; १०९८ आणि ११२ तर आजच. आणि तुमच्या शाळेतलं एखादं मूल हे वाचताना तुमच्या डोळ्यांसमोर आलं असेल, तर बैठकीची वाट पाहू नका. फोन आत्ता करा.